मुलांच्या हॉस्पिसमध्ये भेटायला जायचंय. काय न्यावं, काय बोलावं, मदत कशी करावी?

अबोली · 14 जुलै, रात्री 9:52

नमस्कार. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा मूळचा सत्तरी तालुक्यातला, पण दोन वर्षांपासून इथे मावशीकडे राहतो. कारण त्याच्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग आहे आणि आई तिच्याबरोबर मुंबईला असते. मुलगी नऊ वर्षांची. टाटामध्ये उपचार चालले होते. मध्ये बरं वाटलं, शाळेतही आली होती, मग आजार पुन्हा उलटला. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आईवडिलांना बसवून सांगितलं, की यापुढची औषधं आजार घालवण्यासाठी नसतील, तिला दुखू नये म्हणून असतील. सध्या मायलेकी मुंबईतल्या मुलांच्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे अशा आजारी मुलांना त्रास होऊ नये म्हणून सांभाळणाऱ्या संस्थेत, आहेत. दुखणं ताब्यात आलं आणि औषध कसं द्यायचं ते आईच्या हाताला बसलं, की त्यांना गावी आणायचं आहे. मुलीचं, गावाचं, संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमचं बायकांचं मंडळ दरवर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी कुठेतरी देणगी देतं. यंदा साडेअठरा हजार जमलेत. सगळ्यांचं म्हणणं, पाचसहा जणींनी जाऊन तिथल्या सगळ्याच मुलांना भेटावं, खाऊ-खेळणी वाटावीत. मांडवी एक्स्प्रेसची तिकिटंही बघून ठेवलीत. परवा मी त्या मुलाला विचारलं, "बहिणीसाठी काय नेऊ रे?" तो म्हणाला, "टीचर, ती आता खेळत नाय." तेव्हापासून मला काही सुचत नाही. जाऊन नक्की काय करायचं असतं? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

मांडवीकाठ · 14 जुलै, रात्री 10:20

ताई, अनुभव नाही, पण जाणार आहात हेच मोठं. वाचतोय.

रात्रपाळी · 14 जुलै, रात्री 11:35

मी नर्स होते. बावीस वर्षं, त्यातली चौदा मुलांच्या वॉर्डात. निवृत्तीनंतर मुंबईत लेकीकडे असताना मुलांच्या एका हॉस्पिसमध्ये दोन वर्षं दर शनिवारी जायचे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी सहा जणींचं तिकीट रद्द करा. दोघी जा. लहान खोलीत सहा परकी माणसं उभी राहिली की आजारी मूल भिंतीकडे तोंड करतं, हे मी किती वेळा बघितलंय.

जायच्या आधी तिथल्या सिस्टरना फोन करा आणि आईलाही. "अमुक दिवशी आम्ही येतोय" असं सांगू नका. "कधी आलेलं चालेल?" असं विचारा. बहुतेक ठिकाणी सकाळी आंघोळी, ड्रेसिंग, डॉक्टर. दुपारी मुलं झोपतात. चार-साडेचारनंतर जरा बरी वेळ असते. ऐनवेळी "आज नको" आलं तर वाईट वाटून घेऊ नका. रात्रभर दुखलेलं असेल.

सर्दी, खोकला, साधा घसा खवखवत असेल तरी जाऊ नका. घरात कुणा मुलाला कांजिण्या आल्या असतील तर बिलकूल नाही. केमो झालेल्या मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. आपल्याकडे कांजिण्या म्हणजे कडुनिंबाचा पाला आणि आठ दिवस शाळेला सुट्टी, त्या मुलाच्या जिवावर बेततं. आत गेल्यावर कोपरापर्यंत हात धुवा. केसांत गजरा माळून जाऊ नका, अत्तर-सेंट लावू नका. अशा मुलांना वासानेच मळमळतं. ताजी फुलं, कुंडीतलं रोप, न शिजवलेली फळं न्यायची असतील तर सिस्टरना विचारूनच. मऊ केसाळ खेळण्यांत धूळ बसते, त्यापेक्षा धुता-पुसता येईल असं न्या.

आता बोलण्याचं. "लवकर बरी हो हं" हे वाक्य घरी ठेवून जा. तिला माहीत असतं. नऊ वर्षांच्या मुलीला खूप माहीत असतं, फक्त आईला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही. आईला "कसं झालं, केव्हा कळलं, कुठल्या डॉक्टरला दाखवलं" हे विचारू नका, तिने ते दोनशे वेळा सांगितलंय. स्टूल ओढून पलंगाच्या उंचीवर बसा. उभं राहून वाकून बघू नका. ती जे करत असेल त्यात शिरा. काहीच करत नसेल तर तुम्हीही काही करू नका. भाऊ म्हणतो "खेळत नाय", त्याचा अर्थ अंगात त्राण नाही. अंगात त्राण नसलं तरी कान असतात. गावच्या गोष्टी सांगा. पाऊस किती पडला, कुणाची म्हैस व्याली, शाळेत कोण कुणाशी भांडलं. आजाराचं बोलणारे तिला रोज भेटतात, गावचं बोलणारं कुणी भेटत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. तुम्ही मुलीला भेटायला जाताय, पण खरी मदत आईला होईल. तिला सांगा, "मी दोन तास इथे बसते, तू आंघोळ कर, झोप." ती पहिल्यांदा नाही म्हणेल. पुन्हा सांगा.

डिचोलीकर · 15 जुलै, सकाळी 7:10

माफ करा, पण मला हे पटत नाही. लहान मुलाला अशा जागी ठेवायचंच कशाला? मरणाची वाट बघायची जागा ती. औषध थांबवलं म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, बेळगावला न्या, देवाला कौल लावा. आमच्या घरात एका माणसाला सगळ्यांनी "संपलं" म्हटलं होतं, देवीच्या कृपेने तो आज बागायतीत काम करतोय. मी हे मनापासून लिहितोय, कुणाला दुखवायला नाही.

बालवैद्य · 15 जुलै, दुपारी 1:45

डिचोलीकर भाऊ, तुमची तळमळ कळते. रोज ओपीडीत हेच ऐकतो. कौल लावायला कुठलाच डॉक्टर अडवत नाही, अडवूही नये. पण दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात.

औषध थांबलेलं नाही, औषधाचं काम बदललंय. दुखणं, धाप, मळमळ, तोंडातले व्रण, रात्रीची भीती, या प्रत्येकावर उपचार असतात आणि ते करायला कौशल्य लागतं. मराठीत याला परिहार सेवा म्हणतात, कुणी उपशामक उपचार म्हणतात. मुलांच्या बाबतीत तर ही सेवा आजाराचं निदान झालं त्या दिवसापासून मूळ उपचारांच्या बरोबरीने चालावी, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसत्या कर्करोगासाठीही नाही. स्नायू क्षीण होत जाणारे आजार, मेंदूचे गंभीर विकार, जन्मजात चयापचयाचे दोष, अशा मुलांना वर्षानुवर्षं ही सेवा लागते.

"मरणाची वाट बघायची जागा" हा समज जुना आहे. जगातलं मुलांचं पहिलं हॉस्पिस 1982 साली इंग्लंडात ऑक्सफर्डला निघालं, हेलन हाउस. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या जोगिणीची ओळख हेलन नावाच्या एका आजारी मुलीच्या आईवडिलांशी झाली. मेंदूतल्या गाठीमुळे ती मुलगी पूर्ण परावलंबी झाली होती. सिस्टर अधूनमधून तिला आपल्याकडे ठेवून घ्यायच्या, म्हणजे आईवडिलांना चार रात्री झोप मिळे. त्यातून ती संस्था उभी राहिली. मुळात तिथे मूल जातं ते काही दिवस राहून घरी परत यायला.

आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, शांती आवेदना सदन. त्यांचं एक केंद्र आपल्या गोव्यात लोटलीला आहे, कर्करोगाच्या रुग्णांसाठी, विनामूल्य. मुंबईत सायनला हॅप्पी फीट होम हे खास मुलांसाठीचं हॉस्पिस आहे, 2014 पासून.

आता मॉर्फिनबद्दल, कारण घरी आल्यावर नातेवाईक सगळ्यात जास्त त्यावरच बोलतील. "पोरीला अफू देताहेत, सवय लागेल" असं कुणीतरी म्हणणारच. दुखण्यापुरतं, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने दिलं तर व्यसनाची भीती बाळगायचं कारण नाही. मुलांच्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली दोनच पायऱ्या सांगितल्या. दुखणं सौम्य असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्याहून जास्त असेल तर थेट मॉर्फिन, तोंडावाटे, घड्याळ लावून. साधं मॉर्फिन बहुधा दर चार तासांनी द्यावं लागतं. दुखायला लागल्यावर द्यायचं नसतं, दुखू नये म्हणून द्यायचं असतं. पहिले दोनतीन दिवस गुंगी येते, मग उतरते. बद्धकोष्ठ मात्र होतोच, म्हणून जुलाबाचं औषध सोबत असतं, ते चुकवू नये. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे हे औषध मिळणं फार किचकट झालं होतं. 2014 साली संसदेने तो कायदा सुधारला, तेव्हा वाट मोकळी झाली. त्यामागे केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांची अनेक वर्षांची धडपड आहे.

अबोलीताई, मुलगी गावी येण्याआधी एवढं विचारून ठेवा: गोळ्या इथे कुठल्या इस्पितळातून मिळतील, रात्री दोन वाजता दुखलं तर फोन कुणाला करायचा, आणि औषधाचा कागद कुणाच्या नावे आहे. या तीन उत्तरांशिवाय त्यांना गाडीत बसवू नका.

चांदणं · 15 जुलै, संध्याकाळी 6:30

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या स्नायूंचा आजार बरा होणारा नाही. चालता येत नाही, आता मानही फार वेळ धरवत नाही. ती आमच्या घरीच असते.

दोन वर्षांपूर्वी एक मंडळ आलं होतं. चौदा माणसं. केक आणला, बॅनर आणला. मुलीला मधोमध बसवून फोटो काढले, आमची परवानगी कुणी विचारली नाही. ती मात्र खूश होती. एक मुलगी तिच्याशी खूप छान बोलली, "मी तुला बांगड्या आणून देते" म्हणाली. वीस मिनिटांत सगळे गेले. चार दिवसांनी फोटो पेपरात आला, मुलीच्या नावासकट. त्यानंतर मुलगी मला महिनाभर विचारत होती, "ती ताई बांगड्या घेऊन केव्हा येणार?" मी सांगत राहिलो, तिची परीक्षा असेल.

एवढंच म्हणतो. जे करू शकाल तेवढंच कबूल करा. आणि एकदाच जाणार असाल तर मुलांना ते सुरुवातीलाच सांगा. पुन्हा जाणार असाल तर वार ठरवा आणि त्या वारी जा.

अबोली · 15 जुलै, रात्री 9:15

चांदणं दादा, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या मुलीसाठी बांगड्या मी पाठवू का? की आता त्याचा उपयोग नाही? तुम्ही म्हणाल तसं.

सहाचं दोघींवर आणलं. मी आणि मंडळाच्या अध्यक्षबाई. बॅनर काढून टाकला. (होय, छापायला टाकला होता.)

चांदणं · 15 जुलै, रात्री 10:02

पाठवा ताई. हिरव्या. मनगट अगदी बारीक आहे, माप खाजगी निरोपात कळवतो.

हिशेबवही · 16 जुलै, सकाळी 11:20

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. संस्थांचे हिशेब तपासणं हे माझं काम आहे.

साडेअठरा हजारांचे दोन भाग करा. एक संस्थेला, एक कुटुंबाला. संस्थेला देताना वस्तू देऊ नका, पैसे द्या, तेही "कुठल्याही खर्चासाठी" असं लिहून. लोक खेळणी आणि बिस्किटं देतात. संस्थेला लागतात ती डायपर, ऑक्सिजन, आयांचे पगार, विजेचं बिल. वस्तूच द्यायच्या असतील तर यादी मागून घ्या. चेक किंवा ऑनलाइन द्या, पावती घ्या. 80जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची, वजावट रोख दोन हजारांच्या वर मिळत नाही आणि नवीन करप्रणाली घेतली असेल तर मुळातच मिळत नाही, त्यामुळे त्या एका कारणासाठी अडून राहू नका.

कुटुंबाला देताना आईच्या खात्यात द्या आणि कशासाठी ते विचारू नका. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर इस्पितळातल्या उपचारांना आधार होतो, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. पण बाप दोन वर्षं धड कामाला गेलेला नसतो. दुकानाची उधारी, मुलाचं शाळेचं, गाडीभाडं हे कुठल्याच कार्डावर येत नाही. काजूच्या दिवसांत बोंडू वेचायला माणूस नसेल तर ते उत्पन्नही गेलं. मी पाहिलेल्या एका घरात बाईने मंगळसूत्र मोडल्याचं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कुळागर · 17 जुलै, पहाटे 4:40

माझा मुलगा पाच वर्षांपूर्वी गेला. सात वर्षांचा होता. शेवटचे अकरा आठवडे घरीच होता.

लोकांनी काय केलं तर मदत झाली, ते सांगते. शेजारची वहिनी रोज सकाळी मागच्या दाराने यायची, भांडी घासून जायची. बोलायची नाही. आमचा पोदेर पाव टांगून जायचा, महिन्याचे पैसे त्याने मागितलेच नाहीत. थोरल्या मुलाच्या शाळेतल्या बाई त्याला घरी सोडायच्या आणि वाटेत दहा मिनिटं थांबून त्याला काहीतरी खाऊ घालायच्या. थोरल्याकडे आमचं लक्षच नव्हतं. त्याला वाटायचं, आपण भावाशी भांडलो म्हणून तो आजारी पडला. हे त्याने आम्हाला चार वर्षांनी सांगितलं. अबोलीताई, तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला कुणीतरी आत्ताच सांगा, की हा आजार कुणाच्या भांडणाने होत नाही आणि शिवल्याने लागत नाही.

आणि काय केलं नाही तर बरं झालं असतं? "देवाला आवडला" म्हणू नका. "दुसरं मूल आहे ना" म्हणू नका. तेराव्यानंतर सगळे यायचे बंद झाले. त्याचं नाव कुणी घेईना. मला त्याचं नाव ऐकायचं असतं.

बांबोळीच्या इस्पितळाच्या वाटेवर अजून माझ्याने डावीकडे बघवत नाही. पण हॉस्पिसबद्दल विचाराल तर, तिथल्या सिस्टरनी मला सिरिंजवरच्या खुणेवर नेलपॉलिशची रेघ ओढून दिली होती. लाल रेघेपर्यंत औषध भरायचं. रात्री अडीचला, मेणबत्तीच्या उजेडात, वीज गेलेली असताना, ती रेघ मला दिसायची. आकडा दिसला नसता.

डिचोलीकर · 17 जुलै, सकाळी 8:05

वहिनी, मी जे लिहिलं ते आता वेगळं वाटतंय. नाव सांगाल का त्याचं? इथे नको असेल तर राहू दे.

कुळागर · 17 जुलै, सकाळी 8:31

इथे नको. तुम्हाला निरोपात कळवते. विचारलंत, बरं वाटलं.

अबोली · 29 जुलै, रात्री 10:10

जाऊन आलो. लिहायला दोन दिवस लागले.

आईला फोनवर विचारलं होतं, काय आणू. ती म्हणाली, "काय नको टीचर." मग थोडं थांबून, "गांवचे उकडे तांदूळ मेळत जाल्यार..." (मिळाले तर). मुंबईत दोन वर्षं पांढऱ्या तांदळाची पेज करून मुलीला देत होती आणि मुलगी म्हणायची, ही पेज न्हय. दोन किलो नेले. मुलीला चेपणीतली तोरंसुद्धा (मिठातल्या कैऱ्या) हवी होती, तीही मी बाटलीत भरून नेली होती. पण तोंडात व्रण आहेत, मिठाने झोंबेल म्हणून सिस्टरनी बाजूला ठेवायला सांगितलं. तिने बाटलीचं झाकण उघडून नुसता वास घेतला. डोळे मिटून. मग पेज तीन चमचे प्यायली. आईने मला खुणेने तीन बोटं दाखवली, कारण आदल्या दिवशी काहीच गेलं नव्हतं.

रात्रपाळी ताई, तुमचं शब्दन् शब्द खरं झालं. आई पहिल्यांदा "नको, मी बसते" म्हणाली. दुसऱ्यांदा सांगितल्यावर आंघोळीला गेली आणि बाहेरच्या बाकावर तिला तिथेच झोप लागली. पावणेदोन तास. अध्यक्षबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या, कुणी उठवू नये म्हणून.

मी मुलीजवळ. अर्धा तास ती काहीच बोलली नाही. मी शाळेतलं सांगत होते, तिच्या भावाने पावसात छत्री कशी हरवली ते. मध्येच म्हणाली, "टीचर, चवथ केन्ना?" मी तारीख सांगितली. बोटांवर मोजलं तिने. मग विचारलं, "माटोळी मी बांधतलें?" त्यांच्या घरी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानातल्या फळा-पानांच्या आराशीचं, सामान आणायला ती बापाबरोबर रानात जायची. तिला सगळं माहीत आहे. मी वहीवर माटोळी काढायला घेतली तर चुका काढायला लागली. कवंडळ हे रानफळ मी गोल काढलं, तर म्हणाली जरा लांबट, आणि ते तांबडं असतं "पूण भितर काळें आसता". घागऱ्या विसरले. सुपारीचा कातरो विसरले. नारळाची पेंड मध्ये नको, बाजूला, नाहीतर दांडा वाकतो. तिच्याकडून शिकत शिकत पूर्ण पान भरलं. दमली, झोपली. ते पान तिने उशीखाली ठेवलंय.

तिथल्या भिंतींवर हत्ती-ससे रंगवले आहेत, स्वयंपाकघर आहे, आया आपापल्या मुलांना हवं ते शिजवतात. एका खोलीत नुसती शांतता होती, तिथे आम्ही गेलो नाही. निघताना नऊ हजारांची देणगी दिली, पावती घेतली. उरलेले आईच्या खात्यात. फोटो एकही काढला नाही.

आता प्रश्न. त्यांना 10 ऑगस्टच्या आसपास गावी आणताहेत. माटोळीचं कसं करू? रानातली फळं-पानं, माती लागलेली, तिच्या जवळ चालतील का?

बालवैद्य · 30 जुलै, सकाळी 9:00

हा निर्णय तिच्या डॉक्टरांचा. या टप्प्यावर आम्ही बरेचदा नियम सैल करतो, कारण तिला काय हवं ते जास्त महत्त्वाचं. पण पेशी फारच उतरलेल्या असतील तर रानातलं ओलं सामान थेट हातात नको. लांब टांगलेलं चालू शकेल. विचारून घ्या.

आणखी एक. अशा मुलांना अधूनमधून प्लेटलेट द्याव्या लागतात, नाहीतर हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. मंडळातल्या, गावातल्या पाचसहा धडधाकट माणसांची यादी रक्तगटासह तयार ठेवा आणि गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या इस्पितळाच्या, रक्तपेढीत आधीच विचारून ठेवा. ऐन चवथीत दाते मिळत नाहीत.

कुळागर · 30 जुलै, दुपारी 3:15

कापडाची करा ना! तुमच्या मंडळात शिवणाऱ्या असतीलच. कापड धुता येतं, उकळून घेता येतं.

रात्रपाळी · 30 जुलै, दुपारी 4:00

कुळागर बाय, किती छान सुचवलंस. आणि ताई, छताला नका टांगू. पलंगावर पडल्या पडल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर.

अबोली · 2 सप्टेंबर, रात्री 9:30

बरेच दिवस लिहिलं नाही. ती 11 तारखेला घरी आली. कोकणकन्येने, खालचा बर्थ, बरोबर बाप आणि मामा. करमळी स्टेशनावर गाडी घेऊन आम्ही थांबलो होतो. घड्याळाप्रमाणे पहाटे एक डोस येत होता, तो आईने आगगाडीतच दिला.

माटोळी आठ जणींनी मिळून शिवली. जुन्या ब्लाउजचे तुकडे, आत कापूस. कवंडळाला मी मध्ये चेन लावली, उघडलं की आत काळं कापड. तिने पहिल्यांदा तेच उघडून बघितलं. बराच वेळ उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "इतकें काळें नासता, मातशें पाचवें." म्हणजे जरासं हिरवं. मी दुसऱ्या दिवशी गडद हिरवा तुकडा नेऊन बदलून दिला.

दांडा पलंगाच्या वर, दोन खुर्च्यांना बांधलेला. डॉक्टरांनी केवणीच्या सालीच्या दोराला परवानगी दिली, गरम पाण्यातून काढून. गाठी तिनेच मारल्या. सगळ्या नाही, सात. उरलेल्या भावाने मारल्या आणि ती आडवी पडून सांगत होती, घट्ट, अजून घट्ट. देवासमोरची खरी माटोळी बापाने दरवर्षीसारखी बांधली. आरतीला घुमटवाल्यांनी आवाज कमी ठेवू का विचारलं, तर ती नको म्हणाली. पूर्ण जोरात वाजवायला लावलं.

भावाशी मी बोलले. कुळागर ताई, तुम्ही लिहिलं होतं तेच. त्यालाही वाटत होतं. तिची सायकल त्याने न विचारता घेतली होती, त्याच आठवड्यात तिला ताप आला होता. दोन वर्षं हे पोर मनात घेऊन बसलं होतं. चवथीपासून तो घरीच आहे, आता मावशीकडे परत जायचं नाही म्हणतो. शाळेचं मी बघते आहे, पाठ घरी पाठवते.

मंडळाचे वार ठरलेत. सोमवारी अध्यक्षबाई, बुधवारी मी, शनिवारी दोघी सुना. दुपारी दोन ते पाच. आई झोपते. भांडी, कपडे जे दिसेल ते आम्ही करतो. गेल्या बुधवारी ती बहुतेक वेळ झोपूनच होती, जागी झाली तेव्हा कवंडळ हातात धरून होती. दुखत नाही म्हणते. रात्रीचा डोस कधी चुकला नाही, सिरिंजवर लाल रेघ ओढली आहे.

एक अडचण. मॉर्फिनच्या गोळ्या रविवारपर्यंत पुरतील. इस्पितळातून बापाच्या सहीने मिळतात आणि तो येत्या शुक्रवारी सकाळी जाणार, पण वाळपईहून बसने जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. मुलीला तो नजरेआड झालेला चालत नाही सध्या. शुक्रवारी सकाळी कुणाची चारचाकी मोकळी आहे का?

होंड्याचा · 2 सप्टेंबर, रात्री 9:48

सुरुवातीपासून वाचतोय, लिहिलं नव्हतं. मी होंड्याला राहतो. गाडी आहे. साडेसातला त्यांच्या दारात येतो, अकरापर्यंत परत सोडतो. पुढच्या वेळचंही सांगून ठेवा, गोळ्या किती दिवसांच्या मिळतात?

अबोली · 2 सप्टेंबर, रात्री 9:55

दोन आठवड्यांच्या. पत्ता निरोपात पाठवते. अंगणात हॉर्न नका वाजवू, ती त्या वेळी झोपलेली असते. कुत्रा भुंकतो, त्याला घाबरू नका.

होंड्याचा · 2 सप्टेंबर, रात्री 9:57

बरं. वरच्या रस्त्याला गाडी ठेवून चालत येतो.